नळीवरचे देवनागरी आकडे

(पहिले काही सेकंद फक्त दिवा आणि नळी, म्युझिक नको)

आत्ता दिवा वर आहे. जुन्या रायफलच्या या नळीवर काहीच दिसत नाहीये, नुसतं काळपट लोखंड. आता तोच दिवा खाली आणला, टेबलाच्या पातळीला, अगदी आडवा... आणि हे बघा, अक्षरं वर आली. देवनागरी! आपलीच लिपी, फक्त पाच आणि आठ नेपाळी वळणाचे आहेत म्हणून पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं.

आपण पेनसिल्व्हेनियात आहोत, एका घराच्या बेसमेंटमध्ये. इथले गृहस्थ जुन्या रायफली गोळा करतात, काही ठेवतात, काही विकतात, आणि फोटो स्वतः काढतात. हातात आहे ती मार्टिनी-हेन्री, ब्रिटिश सैन्यात १८७१ मध्ये आलेली, लांबी साधारण ४९ इंच. खालचा लिव्हर ओढला की आतला ब्लॉक पुढून खाली झुकतो, काडतूस आत सरकवायचं, लिव्हर वर, एका वेळी एकच गोळी. हा आवाज ऐका, खटक्. फोटोच्या आधी ते दर वेळी हेच करतात, नळी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही.

आता फोटो. ४९ इंचांची वस्तू फ्रेममध्ये बसवली तर ती काडीसारखी दिसते आणि त्यातून घेणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून पूर्ण फोटो दोनच, डावी बाजू आणि उजवी बाजू, बाकी सगळे जवळून: नळीचं तोंड, मागची साईट, लिव्हर, दस्त्याची चीर, गंजाचे खड्डे. लाकडावर चमक येते म्हणून दिव्यापुढे पांढरं कापड, मागे करडा कागद, आणि नळीच्या आतला फोटो हवा असेल तर मागून छोटा टॉर्च लावायचा, मग आतल्या खाचा अशा फिरत गेलेल्या दिसतात. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. आणि पॉलिश अजिबात नाही. चकचकीत केलेली रायफल फोटोत छान दिसते पण दीडशे वर्षांचा रंग गेला तो गेलाच, आणि घासता घासता हे आकडेही झिजतात.

पण ही मूळची इंग्लंडची रायफल, तिच्यावर देवनागरी कुठून आली?

नेपाळमधून. काठमांडूत लगन सिलेखाना नावाची जुनी वास्तू आहे. सिलेखाना म्हणजे शस्त्रांचं कोठार, मराठीत आपण शिलेखाना म्हणायचो तोच शब्द. २००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी नेपाळ सरकारकडून तिथला साठा विकत घेतला, ५०,००० च्या वर बंदुका. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या ठासणीच्या बंदुका होत्या, १८५३ च्या पॅटर्नच्या एन्फिल्ड होत्या, ज्यांच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ ला ठिणगी पडली त्याच. आणि त्या धामधुमीत नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा इंग्रजांच्या मदतीला फौज घेऊन लखनौपर्यंत गेले, आणि पुढे नानासाहेब पेशवे आसऱ्याला गेले तेही नेपाळच्या तराईतच, हे सगळं डोक्यात ठेवून ही नळी बघा.

ही दुसरी रायफल बघा, मार्टिनीच वाटते ना? ही गहेंद्र, जनरल गहेंद्र शमशेर राणांनी नेपाळमध्ये बनवून घेतलेली. आत गुंडाळीच्या ऐवजी पट्टीची स्प्रिंग. प्रत्येक रायफल हातानं घडवलेली, एकीचा पार्ट दुसरीला नीट बसेलच असं नाही. ही कानशीची रेघ कुणाच्या तरी हाताची आहे.

(इथे बोलणं थांबवा, रेघ दिसू दे)

आमचं म्हणणं एवढंच की ही बाजू फोटोत यायला पाहिजे. विकणारे राणीचा मुकुट आणि व्ही. आर. (म्हणजे राणी व्हिक्टोरिया) ही अक्षरं चार चार अँगलनी दाखवतात, वर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धाचा उल्लेख करतात, जिथे इंग्रजांच्या हातात मार्टिनी-हेन्री होत्या, रायफल आयुष्यभर काठमांडूत राहिली असली तरी. देवनागरी मात्र कापली जाते, नाहीतर खाली ‘संस्कृत मार्किंग’ लिहितात. संस्कृत कसलं, पलटणीचं नाव आणि नंबर आहे तो. कुठे साल असेल तर ते विक्रम संवत, त्यातून साधारण ५७ वजा करायचे. संवत १९४५ म्हणजे १८८८, आणि हे कळणं महत्त्वाचं, कारण अमेरिकेच्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात, म्हणजे तिला बंदुकांचे बरेचसे नेहमीचे नियम लागत नाहीत. राज्यांचे नियम वेगळे, भारतातला आर्म्स अ‍ॅक्ट वेगळा, तो या व्हिडिओत नाही.

साठा आता जगभर विखुरलाय, परत एकत्र दिसणार नाही.

ही रायफल आज जाणार. लांब खोका, दोन्ही टोकांना फोम, लिव्हरभोवती कापड. चिकटपट्टी लावायच्या आधी त्यांनी दिवा परत आडवा धरला आणि आम्हाला विचारलं, हा तिसरा आकडा नक्की काय आहे? आम्ही मोठ्यानं वाचला, आठ. त्यांनी तो फोटोखाली लिहिला.