फुप्फुसाच्या पेशी विष का ओढून घेतात

मंडळी, फुप्फुसाला तीव्र इजा होते तेव्हा तिथल्या पेशी पदार्थांची ने-आण कशी करतात, हा विषय आपल्या वाचनालयाने मला दिला आहे. आधी एका रुग्णाची हकीकत सांगतो, कारण मी या विषयामागे लागलो तो त्याच्यामुळे.

निंदणाला मजूर मिळेना म्हणून या तरुण कास्तकाराने पॅराक्वाट हे तणनाशक आणले. दुकानदाराने ते मोठ्या डब्यातून पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिले होते; बाटलीवर ना नाव, ना धोक्याची खूण. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर भर दुपारी तहानेच्या भरात त्याने तीच बाटली तोंडाला लावली. पहिल्या दिवशी तो आमच्याशी नीट बोलत होता. चौथ्या दिवशी धाप लागली, तेव्हा त्याचा थोरला भाऊ माझी बाही धरून विचारू लागला, ‘‘डॉक्टरसायेब, त्याचा दम कोंडून राह्यला, मंग नळी काहून लावत नाही?’’ आणि मी मात्र प्राणवायू हात राखून देत होतो. आठव्या दिवशी तो गेला. अशा सुट्या विक्रीबद्दलचा माझा संताप अजून निवलेला नाही.

पॅराक्वाट रक्तावाटे सगळीकडे जाते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकत असतात. वायुकोशांच्या अस्तरातील पेशी मात्र ते आपणहून आत ओढतात. या पेशींना पुट्रेसीनसारखी पॉलिअमिने, म्हणजे ठराविक अंतरावर धनभारित नायट्रोजन अणू असलेले छोटे रेणू, हवी असतात आणि ती आत घेणारी वाहक यंत्रणा त्यांच्या पटलात असते. पॅराक्वाटच्या रेणूतील दोन धनभारित नायट्रोजन अणूही जवळपास तसेच अंतर राखून असल्याने ही यंत्रणा फसते. ही ओढ ऊर्जा खर्चून चालते, हे १९७४ मध्ये उंदरांच्या फुप्फुसाच्या कापांवर दिसून आले. म्हणूनच रक्तातले विष उतरले तरी फुप्फुसातले चढत राहते. आत गेल्यावर ते पेशीतला इलेक्ट्रॉन उचलते, प्राणवायूला देऊन त्याचे पेशी जाळणारे रूप बनवते आणि पुढच्या इलेक्ट्रॉनसाठी पुन्हा मोकळे होते. प्राणवायू जितका अधिक, तितके हे जाळणारे चक्र जोमात. भावाच्या प्रश्नाचे हेच उत्तर होते, पण त्याला उमजेल अशा शब्दांत ते मला त्या वेळी सांगता आले नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात. निरोगी केशवाहिनीच्या पेशी ५० ते १०० नॅनोमीटरच्या खळग्यांत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन घेऊन ते पलीकडे सोडतात. इजा झाली की ही वाहतूक वाढते, पेशींमधले सांधेही उसवतात आणि प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात उतरते. चिबडलेल्या वावरातले पाणी मोटर लावून उपसावे, तशा अस्तरातील पेशी वायुकोशातला सोडियम उपसतात आणि त्यामागोमाग पाणी निघते; पॅराक्वाटने नेमक्या याच पेशी मारलेल्या असतात.

मुलतानी माती का पाजतात, असे एकांनी लिहून विचारले आहे. पॅराक्वाटवर उतारा नाही. पण चिकणमातीचे कण ते घट्ट धरून ठेवतात, मात्र विष पोटात असेपर्यंतच, म्हणजे पहिल्या काही तासांत. त्या तरुणाला आमच्याकडे आणेपर्यंत रात्र उलटून गेली होती.