चार ट्रॅक, नऊ गाणी: 'रोमन कँडल'चं ध्वनिमुद्रण

[दृश्य: यंत्राचं झाकण उघडतं, कॅसेट आत बसते. टेपचा क्लोजअप.]

इलियट स्मिथ या अमेरिकी गायक-गीतकाराचा पहिला एकल अल्बम 'रोमन कँडल' चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर झाला. ही टेप 3.81 मिलिमीटर रुंद. नेहमीच्या स्टिरिओ कॅसेटवर या रुंदीत चार ट्रॅक, म्हणजे आवाज साठवणाऱ्या चार समांतर रेघा, बसवलेले असतात: दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. चार ट्रॅकचं रेकॉर्डर हे चारही एकाच दिशेनं वापरतं. त्यामुळे कॅसेट पालटायची सोय राहत नाही. पालटलीच, तर गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजायला लागतं.

पडद्यावरचं यंत्र इलियट स्मिथचं नाही. घरच्या घरी डेमो, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण, करणारे गायक-गीतकार त्या काळी ज्या जातीची यंत्रं वापरत, त्यांपैकी हे एक. स्मिथनं रेकॉर्डर उसनं आणलं होतं. मायक स्वस्तातला होता आणि जागा होती अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या एका घराचं तळघर. तो तेव्हा हीटमायझर या दणदणीत रॉक बँडमध्ये गात होता. तळघरातली गाणी वेगळी होती: अकूस्टिक गिटार, हळू आवाज, क्वचित कुठे इलेक्ट्रिक गिटार. एक-दोन गाण्यांचं एखादं सिंगल निघालं तरी पुरे, एवढीच त्याची अपेक्षा. कॅव्हिटी सर्च या पोर्टलंडमधल्याच छोट्या कंपनीनं ती टेप ऐकली आणि सगळीच गाणी मागून घेतली. जुलै 1994 मध्ये 'रोमन कँडल' बाजारात आला. गाणी नऊ, वेळ सुमारे अर्धा तास. त्यातल्या चार गाण्यांना नावंसुद्धा नाहीत. 'नो नेम' आणि पुढे एक ते चार आकडे. डेमोच्या डबीवर असं लिहितात. अल्बमवरही ते तसंच गेलं.

[दृश्य: कापूस लावलेली काडी टेपच्या हेडवरून फिरते. काडीवर तपकिरी डाग.]

कामाची सुरुवात इथून होते. टेपवरच्या ऑक्साइडची भुकटी हेडवर, म्हणजे टेपवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, साचते आणि टेप हेडपासून केसभर दूर राहते. एवढ्यानं सगळ्यात आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज: तारेची चकाकी, शब्दांच्या कडा. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसायचं, टेप ओढणारा धातूचा दांडा पुसायचा आणि मगच कॅसेट घालायची. कॅसेट 60 मिनिटांची घ्यावी, फार तर 90. 120 मिनिटांच्या कॅसेटची टेप इतकी पातळ असते की वारंवार मागेपुढे केल्यावर ती ताणली जाते आणि सूर डगमगतो. काही यंत्रं दुप्पट वेगानं चालतात, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. आवाज सुधारतो, पण दोन्ही बाजू एकदम वापरल्यानं साठची कॅसेट पंधरा मिनिटांत संपते.

[दृश्य: मायकसमोर गिटार. तर्जनी तारांवरून सरकते. आवाज ठेवावा.]

हा चर्र आवाज नीट ऐका. स्टीलच्या तारांच्या गिटारला बहुधा खालच्या सुरांच्या चार तारांवर बारीक वेटोळी असतात, वरच्या दोन सपाट. बोट एका जागेवरून दुसरीकडे सरकताना त्या वेटोळ्यांवर घासतं आणि हा आवाज निघतो. गिटार जोरात वाजत असेल तर तो झाकून जातो. हळू वाजवलं की सूर लहान होतो, घासण्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो.

गळ्याचंही असंच. कुजबुजत गायलं की स्वर मऊ होतात. 'स' आणि 'श'ची शीळ मऊ होत नाही.

आता यात टेपचा सूंकार, म्हणजे तिच्यातून सतत येणारा 'सूं' असा आवाज, मिळवा. कॅसेटची टेप अरुंद, तिचे चार भाग केलेले, म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. मायक दूर ठेवून हळू गायलं तर मीटरचा काटा हलतच नाही; पुढे मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करताना, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर केला की गाण्याबरोबर सूंकारही वर येतो. यावर उपाय एकच: मायक तोंडाजवळ आणायचा, वीतभर अंतरावर किंवा त्याहूनही कमी. दिशा पकडणाऱ्या मायकमध्ये एवढ्या जवळून आवाजाचा तळ फुगतो आणि छातीतला घोगरेपणा मोठा ऐकू येतो. 'प' आणि 'ब'ला हवेचा फटका बसतो, म्हणून मायक किंचित तिरपा ठेवावा लागतो. कानाशी बसून गातोय असं जे या अल्बमबद्दल सगळे सांगतात, त्याचा बराचसा उगम या काही इंचांत आहे. आमच्या मते ही कलाकारी आहे. यंत्राची मर्यादा ओळखून गाण्याची, वादनाची आणि मायकच्या अंतराची पट्टी एकत्र ठरवणं हे रचनेचंच काम.

[दृश्य: चार फेडर. पहिला, मग तिसरा वर जातो. हेडफोन.]

पहिल्या ट्रॅकवर गिटार, तिसऱ्यावर गळा. शेजारच्या ट्रॅकचा आवाज थोडा झिरपतो, म्हणून नाजूक आवाज शक्यतो एक ट्रॅक सोडून घ्यावा. मग तेच गाणं हेडफोनमध्ये ऐकत पुन्हा गायचं, आणखी एका ट्रॅकवर. स्मिथची खास ओळख झालेला दुहेरी आवाज असा होतो. दोन्ही गायनांत सुराचा जो केसभर फरक राहतो, त्यानं आवाजाला रुंदी येते. फसतं ते शब्दाच्या शेवटी. 'ट' किंवा 'क' मागेपुढे पडले की एकाचे दोन ऐकू येतात, आणि दोन 'स' तर लांबलचक फिसकारा होऊन बसतात. जाणकार गायक दुसऱ्या खेपेला शेवटचं व्यंजन अर्धवटच उच्चारतो.

गिटार एक, आवाज दोन. उरला एक ट्रॅक. त्यावर आणखी एक गिटार घ्यायची की वरचा सूर गायचा, हे आधीच ठरवावं लागतं. तिन्ही ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवून जागा मोकळी करता येते, त्याला बाउन्स म्हणतात. पण प्रत्येक बाउन्सला सूंकार वाढतो, वरची पट्टी झिजते, आणि जुने ट्रॅक पुसल्यावर आवाज कमी-जास्त करायची संधी गेली ती गेलीच.

[दृश्य: जुन्या सीडीचं कव्हर.]

1994 साली या अल्बमची दखल मोजक्याच लोकांनी घेतली. आसपास मोठ्या आवाजाच्या रॉकचा बोलबाला होता. मार्च 1998 मध्ये स्मिथ 'मिस मिझरी' या ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या गाण्यासह त्या सोहळ्याच्या मंचावर उभा राहिला, तेव्हा समीक्षक मागे वळून पहिल्या अल्बमकडे आले. पुढच्या कामाचं कच्चं टाचण, असा सूर त्यांच्या लिखाणात वारंवार लागतो. कुजबूज आणि उदासी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि अंगठा खालच्या तारेवर सुरावट चालवत असताना बाकीची बोटं वर वेगळंच काही विणत असतात, त्यावर जेमतेम ओळ. हे टाचण असतं, तर दुहेरी आवाज इतका काटेकोर बसला नसता. ऑक्टोबर 2003 मध्ये स्मिथ गेला, वय 34. त्यानंतर ही गाणी बहुतेक वेळा त्या बातमीच्या सावलीतच ऐकली गेली.

[दृश्य: मास्टरिंग स्टुडिओ. पडद्यावर ध्वनिलहरी, एका टोकदार शिखराभोवती चौकट.]

2010 मध्ये किल रॉक स्टार्स या कंपनीनं अल्बम पुन्हा काढला. त्याआधी लॅरी क्रेन यांनी या गाण्यांवर हात फिरवला. 'टेप ऑप' हे ध्वनिमुद्रणाचं नियतकालिक सुरू करणारे क्रेन स्मिथच्या टेपांचा संग्रह सांभाळतात. त्यांनी नेमका तो चर्र आवाज आणि 'स'ची धार कमी केली. कान दचकतो तिथे उतार द्यायचा, बाकी मिक्स होतं तसंच. पुढे रॉजर सीबेल यांनी मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बम निघण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, खालच्या-वरच्या पट्ट्यांचा किरकोळ समतोल साधला आणि आवाज थोडासाच वाढवला. तेव्हाच्या सीड्यांसारखा तो दाबून मोठा केलेला नाही, आणि हे मुद्दाम.

काहींना ही छेडछाड वाटते. आमचा कौल क्रेन यांच्या बाजूनं आहे, पण जुनी आवृत्तीही हाताशी हवी. दोन्ही शेजारी लावून ऐकणार असाल तर आधी नव्या आवृत्तीचा आवाज थोडा खाली आणा, गळा दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत. मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि तेवढ्यानं तुलना फसते. मग फक्त डावा हात ऐका: बोटं कुठून कुठे सरकली, ते जुन्या आवृत्तीत जास्त स्पष्ट कळतं.