आखूड ढालीचे भुंगेरे

[दृश्य: पावसाळी रात्र, खाचरालगतचं घर, पडवीतली ट्यूब]

ट्यूबभोवती फिरणारा हा नारिंगी-काळा, सात-आठ मिलिमीटरचा किडा मुंगीसारखा दिसतो. आहे मात्र भुंगेरा. नाव पेडेरस. हा चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर चिरडला गेला, तरच त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. हे विष तयार करतात मादीच्या शरीरातले जिवाणू. दिवसभराने लाल पट्टा उठतो, फोड येतात, आणि पुष्कळदा लोक त्याला नागीण समजतात. म्हणून किडा फुंकरीने उडवा, जागा साबणाने धुवा, हात डोळ्यांकडे नेऊ नका. खाचरात हाच तुडतुडे खातो, त्यामुळे त्याच्यावर फवारा मारणं म्हणजे आपलंच नुकसान.

[दृश्य: जवळून, पाठ]

भुंगेऱ्याच्या पाठीवर पंखांची कठीण ढाल असते. पेडेरसच्या कुळातल्या भुंगेऱ्यांची ढाल अर्ध्यातच संपते, मागे पोट उघडं. खाली उडायचे पातळ पंख घडी घालून बसवलेले. गंमत म्हणजे डाव्या-उजव्या पंखाची घडी सारखी नसते. मोकळं पोट हवं तसं वळतं, म्हणून पाचोळा, शेण, साल, वाळवीचं वारूळ, किनाऱ्यावर कुजणारं शेवाळ, कुठेही हे भुंगेरे शिरतात. १८०२ साली फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी या कुळाला स्टॅफिलिनिडी नाव दिलं. आज त्यात ६०,००० हून जास्त जाती आणि तीसहून जास्त उपकुळं आहेत.

[दृश्य: आंब्याची बाग, जमिनीत पुरलेला पेला]

हे भुंगेरे पकडायला प्लास्टिकचा पेला जमिनीत पुरतात. काठ मातीशी अगदी समतल हवा. जरा वर राहिला की किडे वळसा घालून जातात. आत दोन बोटं पाणी आणि साबणाचे दोन थेंब, म्हणजे किडा तरंगत नाही, बुडतो. कोकणातल्या पावसात पेला तासाभरात भरून वाहील, तेव्हा वर चार काड्यांवर पत्रा टेकवा. रोज रिकामा करा, नाहीतर पोटाचे सांधे सुटतात. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

[दृश्य: भिंगाखाली डोकं]

शेपटीला कडक चिमटा असेल, तर तो इअरविग, म्हणजे वेगळाच कीटक; बाजूला काढा. नसेल तर मिशांचं मूळ शोधा. डोळ्यांच्या मधोमध कपाळावर असेल, तर बहुधा अ‍ॅलिओकॅरिनी, हजारो जातींचं सगळ्यांत मोठं उपकूळ. इथे नवखे फसतात, कारण याच कुळातल्या स्टीनस वंशाच्याही मिशा तिथेच उगवतात. पण स्टीनसचे टपोरे डोळे डोक्याची अख्खी बाजू व्यापतात. मूळ डोक्याच्या पुढच्या कडेवर उघडं दिसलं, तर स्टॅफिलिनिनी. कडेच्या कंगोऱ्याखाली लपलेलं असेल तर पेडेरिनी, म्हणजे पडवीतल्या पाहुण्याचं घराणं.

जातीपर्यंत जायचं, तर बऱ्याचदा नराचं जननांग काढून बघावं लागतं. मादी एकटीच सापडली, तर चिठ्ठीवर नुसतं वंशाचं नाव लिहायचं आणि पेला पुन्हा पुरायचा.