आधी मोजा, मग खोला

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात गाडी बिघडायला निमित्त लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रेडिएटर उकळायला लागतात, बॅटऱ्या माना टाकतात. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढून ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटा जळतात. पुणे-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो, विजापूरचा रस्ताही इथूनच फुटतो, त्यामुळे रात्री-अपरात्री अडकून पडणारे परमुलखातले ट्रक ते वेगळेच. तेव्हा काम आहे आणि राहणार आहे. ते करणारी पोरं कुठं आणि कशी शिकणार, यावर आज बोलायचंय.

मी मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. माझं माप थोडं आयटीआयकडं झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "सर, याला गाड्यांचं वेड आहे. आयटीआयला घालू, की ओळखीच्या गॅरेजवर बसवू?" गॅरेजला मी कमी लेखत नाही. नुसत्या आवाजावरून टॅपेट ढिलं आहे की बेअरिंग गेलंय, हे सांगणारे उस्ताद मी पाहिलेत. हाताला वळण लागतं ते तिथंच, आणि गिऱ्हाईक सांभाळायलाही माणूस तिथंच शिकतो. पण पोराची सुरुवातीची वर्षं पार्ट डिझेलमध्ये धुण्यात आणि चहा आणण्यात जातात. पुढं तो पार्ट बदलायला शिकतो. तोच पार्ट का बदलायचा, हे सांगायला उस्तादाला सवड नसते. कधीकधी त्यालाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

हे 'का' म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगतो.

वर्कशॉपमध्ये एक जीप होती. एका सकाळी सेल्फ घेईना, नुसती घरघर. मुलांचा निकाल तयार होता, "सर, बॅटरी गेली." मल्टिमीटर लावला. 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना बघितलं, तरी अकराच्या खाली उतरेना. बॅटरी ठणठणीत. "मग स्टार्टर गेला," म्हणत दुसरा पाना घेऊन गाडीखाली शिरलासुद्धा. त्याला बाहेर बोलावलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि एकाला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर दीड व्होल्ट. इथं 0.2 च्या वर आकडा दिसायला नको. म्हणजे स्टार्टरला मिळायचे दीड व्होल्ट, बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिनाला जोडणाऱ्या अर्थिंगच्या केबलमध्येच वाया जात होते. केबलचं इंजिनावरचं टोक सोडवलं, तर खाली गंज आणि हिरवट भुकटी. पॉलिश पेपरनं घासलं, नट आवळला. पहिल्या झटक्यात जीप सुरू.

खर्च? अर्धा पॉलिश पेपर. अंदाजपंचे काम केलं असतं, तर गिऱ्हाईकाच्या खिशातून नव्या बॅटरीचे हजारो रुपये गेले असते, आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा दारात उभी राहिली असती. आधी मोजा, मग खोला. दोन वर्षांत पोराच्या अंगात एवढी सवय मुरली, तरी शिक्षण वसूल झालं असं मी समजतो.

पूर्वी अंदाजावर निभावून जायचं. कार्बुरेटर साफ केला, एअर स्क्रू फिरवला, कानानं ऐकलं, गाडी लागली. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचं नवं कडक मानक आलं, तेही बीएस-4 वरून थेट उडी मारून. बहुतेक दुचाकींतलाही कार्बुरेटर जाऊन त्या जागी इंजेक्शन आलं. आता पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो, सेन्सरनं दिलेल्या माहितीवरून. इथं फिरवायला स्क्रूच नाही! त्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा लागतो.

त्या स्कॅनरनंही एक नवी खोड लावली आहे. स्क्रीनवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की पोरगा डोळे झाकून सेन्सर बदलतो. खरं दुखणं असतं इनटेकच्या तडकलेल्या रबरी पाइपात. तिथून जास्तीची हवा शिरते आणि सेन्सर बिचारा तेच इमानेइतबारे कळवत असतो. कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे. निकाल द्यायला इंजिनात हवा, इंधन आणि ठिणगी यांचा मेळ कसा बसतो, हे डोक्यात हवं. ते फळ्यावर खडूनंच शिकावं लागतं. आणि तिथंच पोरं जांभया देतात, काय करणार!

आता प्रवेशाचं सांगतो. आपल्याकडं विजापूर रोडवर शासकीय आयटीआय आहे, तालुक्याच्या गावीही आयटीआय आहेत. कुठं कोणता ट्रेड आणि किती जागा, ते यंदाच्या माहितीपत्रकात बघून घ्या. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पासवर. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. प्रवेश ऑनलाइन. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं. मुलींनाही ही दारं उघडी आहेत. मीटर लावायला मनगटाची ताकद लागत नाही, नीट बघावं लागतं.

पास झाल्यावर शिकाऊ उमेदवारी मात्र चुकवू नका. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यानं ती सोय केली आहे. एसटीच्या कार्यशाळेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विद्यावेतन घेत शिकता येतं. रक्कम फार नसते, म्हणून पोरं ती सोडून भावाच्या गॅरेजवर जाऊन बसतात. पण वर्गात महिनाभर एकच इंजिन समोर असतं. डेपोत रोज नवी गाडी, नवं दुखणं. गॅरेज की आयटीआय, या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: आधी आयटीआय, मग ॲप्रेंटिस, आणि गॅरेज त्यानंतर. आधीपासून गॅरेजवर असणाऱ्यांनीही हाय खायचं कारण नाही. अंगच्या कौशल्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची सोय सरकारी योजनांमध्ये आहे.

अमेरिकेत हेच शिक्षण कम्युनिटी कॉलेजात मिळतं. गावातल्या माणसाला परवडेल अशी फी, दोन वर्षांची पदवी, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचे वर्ग, म्हणजे दिवसा नोकरी करणाराही शिकतो. मेकॅनिकची पारख करणारी तिथली एएसई ही संस्था 1972 पासून आहे. तिची परीक्षा नुसती पास होऊन भागत नाही, कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. आणि ते प्रमाणपत्र पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. ही गोष्ट मला फार पटते. आपल्याकडं एकदा प्रमाणपत्र मिळालं की फ्रेम करून गल्ल्यामागं लागतं, आणि कार्बुरेटरच्या काळातली ती फ्रेम बीएस-6 च्या गाडीकडं बघत बसते.

सोलापूरच्या मेकॅनिकला आणखी एक विद्या लागते, ती अभ्यासक्रमात नाही. पूर्व भागातला रिक्षावाला दुखणं तेलुगूत सांगतो, अक्कलकोटकडचा शेतकरी कानडीत, ट्रकवाला हिंदीत. कुणी म्हणतो गाडी उचक्या देतेय, कुणी म्हणतो दम धरत नाही. त्यांना उलट विचारायला शिका. थंड असताना, की तापल्यावर? रिकामी असताना, की माल भरल्यावर? चढाला, की सपाटीला? बोनेट उघडायच्या आधीच निम्मं दुखणं हाती लागतं.

शेवटी पालकांना एक विनंती. ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी एकदा स्वतः त्या संस्थेत जा, मुलालाही न्या. इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. इंजिनं चालू होतात, की नुसती रंग देऊन स्टँडवर ठेवलीत? पोरांच्या हाताला ग्रीस आहे का? नट ठरल्या मापानं आवळायचा टॉर्क रेंच वापरून गुळगुळीत झालाय, की अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे? स्कॅनर दाखवा म्हणावं. तो कपाटात असला, तर कपाटाची किल्ली कुणाकडं असते आणि पोरांना तो कोणत्या दिवशी हाताळायला मिळतो, हेही तिथंच विचारून घ्या.

नमस्कार.