हुबळीच्या गंगूबाई

(दृश्य: हुबळी शहर, सकाळ. बाजारपेठेतून गाडी देशपांडेनगरकडे वळते.)

निवेदन:

पुण्या-मुंबईच्या रसिकांना शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल ठाऊक आहेत त्या स्वरमंचावरच्या. किरकोळ बांधा, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, मागे तानपुऱ्यावर लेक, आणि त्या एवढ्याशा देहातून निघणारा भरदार, खर्जाकडे झुकणारा आवाज. मैफल संपली की त्या गाडीत बसत आणि हुबळीला परत जात. आपल्याला दिसल्या त्या मैफलीपुरत्या. हुबळीला परतल्यावर त्यांच्यापुढे जे असायचं, त्याची ही गोष्ट आहे. घर, मुलं, पाहुणे, शिष्य, गुरूंची पुण्यतिथी, आणि या सगळ्यातून वेळ काढून रोजचा रियाज.

त्यांचा जन्म 5 मार्च 1913 चा, धारवाडच्या शुक्रवारपेठेतला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम तिथे पडायचे, आणि कानडी घरांतली पोरंसोरंही नाट्यपदं गुणगुणायची. आई अंबाबाई कर्नाटक संगीत, म्हणजे दक्षिणेकडचं शास्त्रीय संगीत गात, आणि उत्तम गात. हिंदुस्थानी, म्हणजे उत्तरेकडच्या गायकीतल्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्या घरी येऊन त्यांचं गाणं ऐकत. छोट्या गंगूचं मन मात्र हिंदुस्थानी गाण्याकडे ओढलेलं. रस्त्यावर कुठे ग्रामोफोनवर जोहराबाई आग्रेवालींची तबकडी लागली, की ही घरातून धावत बाहेर.

आता अंबाबाईंनी काय केलं ते नीट ऐका. मुलीच्या कानावर दोन पद्धतींचे संस्कार होऊ नयेत, तिचं हिंदुस्थानी गाणं निर्मळ राहावं, म्हणून त्यांनी स्वतःचं कर्नाटक गाणं बंद केलं. ज्या गाण्यासाठी खाँसाहेब दारात येत, ते गाणं. गंगूबाईंच्या आयुष्यात गाणं आणि घर यांची जी गुंतागुंत पुढे दिसते, तिची सुरुवात मला इथे वाटते. एका आईनं आपला गळा मिटून लेकीचा मोकळा केला.

खाँसाहेबांनी मुलीचा आवाज ऐकला आणि आशीर्वाद दिला, ‘बेटी, खूब खाना और खूब गाना.’ गाण्याचं ठीक, पण घरात एवढं खायला आणायचं कुठून, असा प्रश्न तेव्हा आपल्याला पडला होता, असं गंगूबाई मोठेपणी सांगत.

(दृश्य: बेळगाव, काँग्रेस अधिवेशनाची जुनी छायाचित्रं.)

निवेदन:

1924, बेळगावचं काँग्रेस अधिवेशन. अध्यक्ष महात्मा गांधी. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गंगू होती. गांधीजींसमोर गायचं याची धाकधूक असणारच. पण तिच्या मनात दुसरी भीती होती, आणि ती त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. जेवणं झाल्यावर आपल्याला उष्ट्या पत्रावळी उचलायला तर सांगणार नाहीत ना? गाणाऱ्या बायकांच्या घरातली मुलगी होती ती. आपली जात कुठली आणि तिला समाजात कुठे बसवतात, हे तिला स्वरांच्या आधी शिकवलं गेलं होतं. रस्त्यानं जाताना ‘गाणारीण’ म्हणून मारलेले टोमणे तिनं झेलले.

पुढे मानसन्मान आले तेव्हाही त्यांनी हा विषय गुंडाळून ठेवला नाही. मुसलमान गवई मोठा झाला की उस्ताद होतो, हिंदू झाला की पंडित होतो, पण केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारख्या मोठ्या गायिका मात्र शेवटपर्यंत बाईच राहतात, असं त्या मुलाखतींत स्पष्ट बोलत. आवाज न चढवता बोलत. त्या शांतपणामुळेच ते वाक्य अजून बोचतं, आणि बोचायलाच हवं.

(दृश्य: हुबळी रेल्वे स्थानक. बेंगळुरूच्या दिशेनं जाणारी पॅसेंजर गाडी.)

निवेदन:

मुलीला हिंदुस्थानी शिकता यावं म्हणून 1928 मध्ये कुटुंब धारवाडहून हुबळीला आलं. शाळा पाचवीच्या आसपास सुटली होती. कृष्णाचार्य हुलगूर यांच्याकडे तालीम सुरू झाली. सोळाव्या वर्षी गुरुराव कौलगी यांच्याशी लग्न झालं. ते वकील, ब्राह्मण कुटुंबातले. नारायण, बाबूराव आणि कृष्णा अशी तीन मुलं झाली. गुरुरावांनी हाती घेतलेले व्यवसाय काही बसले नाहीत. घर चाललं ते मुख्यतः गंगूबाईंच्या गाण्यावर. एकत्र कुटुंबाचं खटलं, आणि मिळकत म्हणजे पुढची मैफल.

1930 च्या दशकात ‘गांधारी हनगल’ या नावानं त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. जी. एन. जोशींबरोबर त्यांनी मराठी भावगीतंही गायली आहेत. ज्यांनी फक्त उतारवयातल्या गंगूबाई ऐकल्या, त्यांनी या तबकड्या ऐकल्या तर विश्वास बसणार नाही. बारीक, उंच पट्टीतला, अगदी कोवळा आवाज.

(ध्वनी: आधी सुरुवातीच्या काळातली तबकडी, काही क्षण. मग नंतरच्या काळातल्या विलंबित ख्यालाची सुरुवात. निवेदन थांबतं.)

निवेदन:

दोन्ही आवाज एकाच बाईचे. मध्ये घशाचा त्रास झाला, टॉन्सिलवर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, जाड झाला, जवळजवळ पुरुषी. दुसऱ्या कुणी गाणं सोडलं असतं. त्या वेळी बाईच्या गळ्याकडून गोडव्याची अपेक्षा असायची, आणि तोच गेलेला. गंगूबाईंनी या नव्या आवाजाची हाताळणी पहिल्यापासून शिकून घेतली. ठुमरी-भजनं मागे पडली. 1945 नंतर त्यांनी सुगम अंगाचं गाणं जवळपास थांबवलंच. उरला तो ख्याल, रागाचा सावकाश विस्तार करणारी गायकी. राग भैरव, तोडी, आसावरी, भीमपलास, मारवा, पूरिया, चंद्रकंस. मारव्यातला त्यांचा कोमल रिषभ ऐकताना वाटतं, हा आवाज असाच असायला हवा होता.

पण एवढ्या तयारीचं श्रेय एका रेल्वे प्रवासालाही जातं.

हुबळीपासून वीसएक किलोमीटरवर कुंदगोळ आहे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, तिथले. मराठी रंगभूमीवर नाव काढलेले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे पट्टशिष्य. नाटक कंपनीच्या फिरतीमुळे आधी त्यांच्याकडून तुटक तालीम मिळाली. 1938 च्या सुमाराला ते कुंदगोळला स्थिरावले, तेव्हा गंगूबाई नेमानं जाऊ लागल्या. वय पंचवीस. ध्वनिमुद्रिका निघालेल्या, नाव झालेलं, पदरात मुलं. तरी घरचं आवरून संध्याकाळची गाडी पकडायची, गुरूंसमोर बसून एकच पलटा, म्हणजे स्वरांची एकच रचना, ते थांबा म्हणेपर्यंत घोटायचा, आणि रात्रीच्या गाडीनं परतायचं. सकाळी पुन्हा घर आहेच. साधारण तीन वर्षं हे चाललं. नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होणं किती अवघड असतं, ते कुठल्याही कलावंताला विचारा.

गुरूंच्या घरात तेव्हा एक तरुण मुलगा राहून शिकत होता. गदगचा भीमसेन जोशी. फिरोज दस्तूरही सवाई गंधर्वांचेच शिष्य. या गुरुभावंडांचा जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला.

रामभाऊंचं सांगणं होतं, स्वर कंजूष माणसाच्या पैशासारखा खर्च करावा, एकेक मोजून, म्हणजे ऐकणाऱ्याला त्याची किंमत कळते. गंगूबाईंचं सगळं गाणं या एका उपदेशावर उभं आहे. षड्जावरून रिषभावर यायला त्या इतका वेळ घेतात की आजच्या घाईच्या कानांना ते जड जाईल. पण थांबून ऐका. रागाचं दार उघडेपर्यंत त्या पुढे सरकत नाहीत.

(दृश्य: कुंदगोळ, नाडगीर वाडा.)

निवेदन:

1952 मध्ये सवाई गंधर्व गेले. पुण्यात भीमसेनांनी 1953 पासून गुरूंच्या नावानं महोत्सव सुरू केला, तो महाराष्ट्राला सांगायला नको. गंगूबाई तिथे वर्षानुवर्षं गायल्या. पण कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही गुरूंची पुण्यतिथी गाण्यानं साजरी होते. तिथे मोठी बिदागी नाही, पुण्यासारखा हजारोंचा जमाव नाही. गावातली, आसपासच्या खेड्यांतली माणसं सतरंजीवर बसून ऐकतात. या गाण्यात गंगूबाईंचा जीव होता. समाजकार्य म्हटलं की आपल्याला संस्था, फलक, अहवाल दिसतात. एका लहान गावाला उत्तम गाणं ऐकण्याची सवय टिकवायला मदत करणं, हेही समाजकार्यच आहे. आणि ते ठामपणे म्हणायला हवं, कारण ते कुठल्या अहवालात येत नाही.

कर्नाटक विद्यापीठात त्या मानद प्राध्यापक होत्या. पद्मभूषण 1971 मध्ये, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1973 मध्ये, पद्मविभूषण 2002 मध्ये. मुंबईत राहिल्या असत्या तर यातलं बरंच आधी मिळालं असतं, असं मला वाटतं. त्यांनी हुबळी सोडली नाही. तिथे माणसं होती, आणि बहुतेक ती सगळी त्यांच्या स्वयंपाकघरावर अवलंबून होती.

(दृश्य: मैफलीचं जुनं चित्रीकरण. आई पुढे, लेक मागे तानपुऱ्यावर.)

निवेदन:

आता या लेकीकडे पाहा. कृष्णा. कितीतरी वर्षं आईच्या प्रत्येक मैफलीत ती मागे बसली. आईचा स्वर खाली भरून राहायचा, तेव्हा वरच्या सप्तकातली जागा कृष्णाबाई घ्यायच्या. दोन आवाज असे एकमेकांत मिसळत की कुठे एक संपला ते कळू नये. कृष्णाबाई स्वतः तयारीच्या गायिका होत्या. तरी स्वतंत्र नावापेक्षा त्यांनी आईच्या मागची जागा पसंत केली. आधी अंबाबाईंनी गंगूसाठी गाणं सोडलं, मग कृष्णानं गंगूबाईंसाठी आपलं गाणं मागे ठेवलं. या तीन पिढ्यांचा हिशोब मांडताना मन भरून येतं, आणि थोडं अस्वस्थही होतं. बायकांच्या गाण्याला घरातल्या दुसऱ्या बाईनंच किंमत मोजावी, हे आपल्याकडे फार सहज घडतं.

गुरुराव 1966 मध्ये गेले. 2003 मध्ये गंगूबाईंना अस्थिमज्जेचा कर्करोग झाला, नव्वदीत. त्यातून त्या उठल्या. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, कृष्णाबाई कर्करोगानं गेल्या. ज्या लेकीशिवाय कितीतरी वर्षं त्या मंचावर बसल्या नव्हत्या, ती गेली.

तरी मार्च 2006 मध्ये त्या गायल्या. गायनाची पंचाहत्तर वर्षं झाली होती, वय त्र्याण्णव. ती त्यांची शेवटची मैफल.

(दृश्य: देशपांडेनगर, ‘गंगालहरी’. आतली वाद्यं, भिंतीवरची छायाचित्रं.)

निवेदन:

21 जुलै 2009 रोजी हुबळीतच त्यांचं निधन झालं. शहाण्णव वर्षांच्या होत्या. नेत्रदानाचं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, लोकांना त्याची आठवण राहावी म्हणून. त्याप्रमाणे त्यांचे डोळे दान झाले. म्हैसूरच्या संगीत आणि प्रयोगकला विद्यापीठाला कर्नाटक सरकारनं त्यांचं नाव दिलं. 2014 मध्ये टपाल खात्यानं भारतीय संगीतकारांची तिकिटं काढली, त्यांत भीमसेन, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व यांच्यासोबत त्या आहेत. चौघंही याच उत्तर कर्नाटकाच्या मातीतले.

हुबळीला गेलात तर ‘गंगालहरी’ हे त्यांचं घर पाहा. आणि पुढे कुंदगोळला जा. पुण्यतिथीच्या गाण्याला तिथे कुणीही येऊन बसू शकतं.