गिट्टी: नागपूरच्या बुडाखालची गोष्ट

(झिरो माइल. दगडी खांब, बाजूला घोडे. कॅमेरा जमिनीलगत.)

२६ मे. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. हा खांब पाहा आणि त्याची सावली शोधा. नाही सापडणार, ती खांबाच्या पायातच गडप झालीये, आमच्या कॅमेऱ्यावाल्याची त्याच्या चपलेखाली. घोड्याच्या पोटाखाली मात्र थोडीशी आहे आणि तिथे एक कुत्रं आधीच येऊन झोपलंय.

नागपूर २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या थोडं खाली, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मे संपता संपता आणि एकदा जुलैच्या मध्यात परत फिरताना. जुलैत ढग असतात, तो शॉट आमच्याकडे नाही, सोडा. पण गंमत पाहा, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागतो २५ मे ला, म्हणजे आजीचं पंचांग आणि हा खांब यांच्यात फरक एका दिवसाचा.

आता नुसता सूर्य डोक्यावर येऊन नागपूर होत नाही. मुंबईच्याही डोक्यावर येतोच की, पण तिथे शेजारी समुद्र आहे, पाणी हळू तापतं, हळू निवतं. आपल्याला दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर लांब, सांभाळून घेणारं कोणी नाही, त्यामुळे जमीन तव्यासारखी तापते आणि हिवाळ्यात रात्रीतून तितकीच गार पडते. मे २०१३ मध्ये ४७.९ अंश, डिसेंबर २०१८ मध्ये ३.५. शहर तेच, माळाही तोच, कूलर खाली आला की त्याच्या जागी रजया वर जातात.

(काटोल रोड. दुकानांच्या पाट्या, प्रत्येकीवर पत्ता: गिट्टीखदान.)

गिट्टीखदान. आपल्यासाठी हा एक एरिया आहे, ऑटोवाल्याला सांगायचा पत्ता. एकदा नाव तोडून म्हणा. गिट्टी, म्हणजे खडी. खदान, म्हणजे खाण. इथे काय चालायचं ते नावातच आहे, आपण रोज म्हणतो आणि ऐकत नाही.

ही गिट्टी म्हणजे लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला, चित्रातल्यासारखा डोंगराच्या टोकातून उडाला नाही, उतू गेलेल्या दुधासारखा पसरला, थंड झाला, मग त्याच्यावर पुढचा थर, मग पुढचा. आज जे उरलंय तेच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या पायऱ्या दिसतात ना लोणावळ्याला जाताना, त्या ह्याच थरांच्या. पश्चिमेला हा ढीग किलोमीटरहून जाड, पूर्वेकडे येता येता पातळ होत जातो, आणि साधारण कुठे संपतो? आपल्या गावात. सेमिनरी हिल्स, सीताबर्डीची टेकडी, हा त्या लाव्ह्याचा काठ. अर्धं शहर लाव्ह्यावर बसलंय आणि अर्धं त्याच्या बाहेर.

(शहराबाहेरची खदान. कुंपणाच्या जाळीतून शॉट.)

आत जाऊ दिलं नाही, म्हणून हे जाळीतून. पण बाहेर टाकलेल्या मुरमाच्या ढिगाशी पोकलेन चालवणारा एक पोरगा डबा खात बसला होता, त्याने चेंडूएवढा एक गोटा उचलला, अंगठ्याने दाबला आणि वरचा पापुद्रा सोलून हातात दिला. "हे पाहा भाऊ, कांद्यावानी निंगते." खाली दुसरा पापुद्रा, मग तिसरा, सगळे पिवळट, बोटांनी चुरा होणारे, आणि मधे लिंबाएवढा काळा गड्डा, तो हातोडीनेही फुटेना.

हे कसं होतं ते जरा थांबून सांगतो, कारण मला स्वतःला हे फार आवडतं. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात, खडकाचे चौकोनी ठोकळे पडतात. पावसाचं पाणी त्या तड्यांत शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच बाजूने लागतं, कडेवर दोन बाजूंनी, आणि कोपऱ्यावर तिन्ही बाजूंनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि चौकोनाचा हळूहळू गोळा होतो, पापुद्रे सुटत जातात, त्यांचा होतो मुरूम, आणि तो अजून कुजला की आपली काळी माती. तीच माती जी पावसात फुगून चपला ओढून घेते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. काटोल-नरखेडच्या संत्र्याला हेच लागतं. काळी माती ओल धरून ठेवते आणि मुरूम जास्तीचं पाणी खाली सोडतो, नाहीतर मुळं सडतात. म्हणजे संत्र्याची फोड तोंडात टाकता तेव्हा तुम्ही थोडा लाव्हाच खाता, अतिशयोक्ती झाली असेल, असू द्या.

(पोकलेनचा पंजा. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.)

गोटा व्हायला लाखो वर्षं, बकेट भरायला वीस सेकंद, आम्ही मोजले. पाणी मुरायची जागा जाते, धूळ उडते, आसपासच्या विहिरींचं काय ते वेगळं सांगायला नको.

(हिस्लॉप कॉलेजचं गेट. पोरं गाड्या लावतायत.)

कॉलेज सगळ्यांना माहीत, माणूस कमी जणांना. स्टीफन हिस्लॉप, मिशनरी होता, पण वेळ मिळाला की हातोडी घेऊन दगड फोडत हिंडायचा. नागपूरजवळच्या टाकळीत लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे त्याला तळ्याचा गाळ सापडला, त्यात शिंपले, झाडाच्या बिया, सगळ्यांचा दगड झालेला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे इथे निवांत तळी होती, त्यात गोगलगायी फिरत होत्या, मग वरून पुन्हा लाव्हा. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात हिस्लॉप वाहून गेला.

(कामठी. कन्हानचं पात्र, मागे पूल.)

लाव्ह्याच्या काठावरून खाली उतरलो की जुना जमाना लागतो. कामठीचा हा वाळूचा दगड, विटकरी, हात लावला तर हाताला कण लागतात. पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे मोठ्या नद्या वाहायच्या, ही त्यांची रेती. त्याच काळातल्या जंगलांचा कोळसा झाला, तो आता वीज बनवायला जळतोय आणि त्या विजेवर आपला कूलर चालतोय. जगातले भूगर्भवाले या खडकांना कामठीचं नाव देऊन ओळखतात, आणि या सगळ्या कुळाला म्हणतात गोंडवाना, आपल्या गोंडांच्या नावावरून. आपल्याला कामठी म्हटलं की छावणी आठवते.

(रामटेक. गडाच्या पायऱ्या, संध्याकाळ.)

आणि हा सगळ्यात म्हातारा खडक. शंभर कोटी वर्षांहून जुना, पृथ्वीच्या पोटात दाबून भाजून निघालेला. उन्हात अभ्रक चमकतं, हात फिरवला तर तळव्याला चांदी लागते. नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर, दीड तासाचा रस्ता, आणि तेवढ्यात लाव्ह्यापासून इथपर्यंत नव्वद-शंभर कोटी वर्षं मागे. उजेड गेला होता, जास्त शूट झालं नाही.

(रात्र. परतीचा हायवे. पुढे गिट्टीचा ट्रक, ताडपत्री नाही.)

रामटेकहून येताना कन्हानपासून हा आमच्या पुढे होता. इथे नीट पाहा, मागच्या फाळक्यातून एक दगड सुटतो, रस्त्यावर दोनदा उडतो आणि आमच्या काचेखालून जातो.

(निवेदन नाही. ट्रकचा आवाज पूर्ण राहू द्यायचा.)