गोळी घेतली का?

नमस्कार श्रोतेहो. माझ्या कामाचं नाव युजर रिसर्च. ठाण्यातली माझी मावशी अजूनही विचारते, "म्हणजे नक्की करतेस तरी काय गं?" ॲप वापरणाऱ्या माणसाशेजारी बसायचं आणि त्याचं बोट कुठे अडतं ते बघायचं, एवढंच. त्याआधी मात्र मी सार्वजनिक आरोग्यात होते. हातात फॉर्म, घरोघर सर्वेक्षण. आजची गोष्ट तिथली.

नवी मुंबईतल्या दिघ्याची. तेव्हा दिघा गाव स्टेशन नव्हतं, ते २०२४ साली सुरू झालं. आम्ही ऐरोलीला उतरून रिक्षा करायचो. ठाणे-वाशी गाडी चुकली की पुढची येईपर्यंत काय हाल होतात, यावर कुणी माझं सर्वेक्षण घ्यावं, पानभर उत्तर देईन! असो.

गरोदरपणात लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. रोज एक, निदान १८० दिवस. हे तुम्हाला घरोघरी माहीत आहे. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, 'गोळ्या घेता का?' हो की नाही, टिक करा.

डोंगराच्या कडेला पत्र्याची खोली. दारात एक मुलगी, सातवा लागलेला.

"गोळ्या घेता का?"

"घेते ना, मॅडम."

मी 'हो'वर टिक केली आणि निघाले. आमच्या आशाताई हलल्या नाहीत. म्हणाल्या, "जरा तांदळाचा डबा काढ गं." मला वाटलं, रेशनचं काहीतरी बघतायत. मुलगी लाजली, फळीवरून डबा काढून समोर ठेवला. ताईंनी तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक पट्टी बाहेर काढू लागल्या. नऊ पट्ट्या. दोन गोळ्या सोडल्या, तर एकही फोडलेली नाही.

"अगं, घेते म्हणालीस ना?"

"घेतेच की! ताई दर महिन्याला देतात, मी घेते. खात नाही फक्त."

सासू म्हणाली होती, बाळ काळं होईल. पहिल्या दोन गोळ्यांनी शी काळी झाली, तेव्हा तिलाही ते पटलं. शौचाचा रंग लोहामुळे बदलतो, बाळाचा नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बरं, औषध टाकवतही नव्हतं. म्हणून तांदळात.

घेते म्हणजे हातात घेते. पुन्हा सांगते, हातात घेते. परतताना मी रिक्षात बसून त्या दिवसाचे बावीस 'हो' बघत होते.

(आणि हो, गोळीवर लगेच चहा पिऊ नका. लोह अंगी लागत नाही. हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगते, लोक वैतागतात.)

पुढे ऐरोलीतल्याच एका कंपनीत लागले. पहिलंच काम, औषधाची आठवण करून देणारं ॲप. पडद्यावर दोन बटणं, 'घेतली' आणि 'नंतर'. 'घेतली'चे आकडे बघून सगळे खूश. मी म्हटलं, घरी जाऊन बघू या. किती घरं? पाच म्हणे! चुका शोधायला पाच माणसं पुरतात, असं वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली लिहिलंय. शेकड्यांनी घरं फिरलेल्या मला ती चैनच वाटली.

तिसरं घर वागळे इस्टेटजवळ. मधुमेह असलेले आजोबा. आठ वाजता फोन वाजला. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी 'घेतली' दाबलं.

"आजोबा, गोळी?"

"घेईन जेवताना. 'नंतर' दाबलं की मेलं दहा मिनिटांनी परत कोकलतं."

मी वही मिटली. म्हटलं, "आजोबा, गोळ्यांचा डबा बघू जरा?"